लेखक-संवाद : जागतिक विकास व सामाजिक न्यायावरील पुस्तके (सोलापूर)

पुस्तक आधी वाचून आलेल्या मुलाखतकाराने आणि श्रोत्यांनी लेखकाशी केलेली जाहीर चर्चा म्हणजे लेखक-संवाद. व्याख्यानात लेखक ठरवून आलेले बोलतो, प्रकाशन समारंभात पुस्तकाचे कौतुक होते. लेखक-संवादात त्याला आपल्या विधानांचा आधार सांगावा लागतो. गरिबी, भूक, श्रम, स्थलांतर, जात, निवारा, कर्ज, हवामानबदल अशा विषयांवरील पुस्तकांच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. या पुस्तकांत ज्यांच्याविषयी लिहिलेले असते, त्यांच्या हाती ती क्वचितच पडतात. सोलापुरात ही माणसे सभागृहापासून फार लांब राहत नाहीत. विडी कामगार स्त्रिया, यंत्रमाग कामगार, बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांची कुटुंबे, विमुक्त जमातींच्या वस्त्या हे सारे शहरातच आहे. त्यामुळे इथला संवाद चांगला झाला की नाही हे ठरवण्याची कसोटी सरळ आहे : जगाविषयी केलेले विधान लेखकाच्या समोर या शहरातल्या कामाशी ताडून पाहिले गेले का?

पूर्वपीठिका

दूरच्या देशातील अन्याय आणि घरचा अन्याय एकत्र ठेवून पाहण्याची रीत मराठीत जुनी आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला आणि 1878 मध्ये ग्रंथकारांची पहिली सभा सुरू झाली. 1885 च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. जे लोक इतरांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. व्यासपीठावर कोण बसते आणि समोर कोण, हा प्रश्न त्या पत्राने मराठी ग्रंथव्यवहारासमोर कायमचा ठेवला. आजच्या संयोजकालाही तो टाळता येत नाही.

सोलापूरचा जगाशी संबंधही नवा नाही. इथे 1910 मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. हिराचंद नेमचंद वाचनालय आणि त्याचे अ‍ॅम्फी थिएटर, फडकुले सभागृह, शिवस्मारक, 2004 मध्ये स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ, अशी संवादासाठी योग्य ठिकाणे शहरात आहेत. मोठ्या सभागृहाचा मोह मात्र टाळावा. अशा चर्चेला 60 ते 100 श्रोते पुरेसे असतात; त्याहून अधिक झाले की प्रश्न विचारणारे तेच ते ठरावीक लोक उरतात.

पुस्तकाची आणि प्रश्नाची निवड

पुस्तक निवडताना आधी शहरातला प्रश्न निवडावा, मग त्याला भिडणारे पुस्तक शोधावे. उलट क्रमाने गेले तर गाजलेले नाव मिळते, पण बोलण्याला जमीन मिळत नाही.

तंबाखू नियंत्रणाचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार 2003 मध्ये स्वीकारला गेला, 2005 मध्ये अमलात आला आणि भारत त्यात सामील आहे. त्याच्या 17 व्या कलमात तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी परवडणाऱ्या पर्यायी रोजगाराची तरतूद आहे. जागतिक आरोग्यावरील अनेक पुस्तकांत कर, चित्रमय इशारे आणि जाहिरातबंदी यांवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात, तर या कलमाला परिच्छेदभर जागा मिळते. सोलापुरातील विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पाने भिजवणे, कात्रीने कापणे, जर्दा भरून वळणे, दोरा बांधणे हे सगळे त्यात येते, आणि तपासणीत बाद झालेल्या विड्यांचे श्रम वाया जातात. त्यामुळे इथे विचारायचा प्रश्न ‘विडी वाईट की चांगली’ हा नाही. ती वाईट आहेच, वळणारीच्या फुप्फुसालाही. विचारायचे ते असे : 17 व्या कलमानुसार कोणत्या देशात, किती कामगारांना, कोणते काम मिळाले, आणि ते घरी बसून करता येते का? नेमके उत्तर देणारा लेखक आणि सामान्य सहानुभूती व्यक्त करणारा लेखक यांतला फरक तिथल्या तिथे दिसतो.

कापडाचेही तसेच. वस्त्रव्यापारातील देशवार कोटा (कोणत्या देशातून किती माल घ्यायचा याची मर्यादा) 1 जानेवारी 2005 रोजी संपला, आणि टॉवेल-चादरी विणणाऱ्या शहरांना बांगलादेश, पाकिस्तान, चीन यांच्याशी थेट स्पर्धा करावी लागली. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळून 1,100 हून अधिक कामगार दगावले; त्यानंतर पुरवठासाखळीवर भरपूर लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन मोठ्या शिलाई कारखान्यांविषयी आहे. अक्कलकोट रस्त्यावरील किंवा पूर्व भागातील आठ-दहा मागांच्या शेडला ते कितपत लागू पडते, हे लेखकाला विचारल्याशिवाय त्या पुस्तकावरची चर्चा सोलापुरात पूर्ण होत नाही.

निवाऱ्यावरील पुस्तकाला तर इथे आयता पुरावा आहे. शहराजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिचे हस्तांतर 2006 मध्ये झाले. तिथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आखली गेली आणि तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी 2024 मध्ये देण्यात आली. शहराबाहेरच्या मोठ्या वसाहतींमुळे कामाचे ठिकाण दुरावते, असा आक्षेप जागतिक लेखनात वारंवार येतो. घरीच काम करणाऱ्या विडी कामगाराला तो तितकाच लागू होतो का, हा प्रश्न विचारण्याची हक्काची जागा सोलापूर आहे.

दुष्काळाचा विषयही असाच. 1970-73 च्या महाराष्ट्रातील दुष्काळाचा अभ्यास ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या 1989 च्या ग्रंथामुळे जगभर पोहोचला. सार्वजनिक कामांवर मिळालेल्या मजुरीने उपासमार टळली, हा त्यातला गाभा. रोजगार हमीचा राज्य कायदा 1977 मध्ये झाला, देशाचा 2005 मध्ये. जिल्ह्यात त्या कामांवर खडी फोडलेली, पाझर तलावांवर माती वाहिलेली, सुकडी आणि लाल मिलो (परदेशातून आलेली तांबडी ज्वारी) खाल्लेली माणसे अजून आहेत. अशा दोघातिघांना पहिल्या रांगेत बसवून, लेखकाने सांगितलेल्या मजुरीच्या हिशेबावर बोलायला सांगावे. मजुरी किती दिवसांनी हातात पडायची, मोजमाप कोण घ्यायचे, हे तेच सांगू शकतात.

पूर्वतयारी

तयारीला सहा आठवडे लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत मुलाखतकार पुस्तक दोनदा वाचतो : पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा टिपा, तक्ते आणि संदर्भ यांच्यासह. विकासावरील पुस्तकांत वादाचा मुद्दा बहुधा टिपांमध्ये दडलेला असतो. त्यानंतर एका कागदावर पुस्तकाची चार-पाच मुख्य विधाने, प्रत्येकापुढे पृष्ठ क्रमांक, पुराव्याचा प्रकार (सर्वेक्षण, प्रयोग, मुलाखती, सरकारी आकडे) आणि पुराव्याचे वर्ष अशी मांडणी करावी. प्रश्न बारा ते पंधरा काढावेत; प्रत्यक्षात सात-आठच विचारले जातात.

वाचकांसाठी दोन पानी मराठी टिपण दोन आठवडे आधी वाटावे. इंग्रजी पुस्तकाची किंमत पाहता सगळ्यांनी ते विकत घ्यावे ही अपेक्षा चुकीची आहे. तीन-चार प्रती ग्रंथालयात ठेवून आठ दिवसांच्या बोलीवर फिरवाव्यात. अख्खे पुस्तक झेरॉक्स करून वाटू नये. ते बेकायदा आहे, आणि ज्याला आपण बोलावतो त्याच्याच हक्कावर घाला घालणारे आहे.

आकडे तपासणे हा तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. अत्यंत गरिबीची जागतिक बँकेची रेषा 2008 मध्ये दिवसाला 1.25 डॉलर होती. 2015 मध्ये 1.90, 2022 मध्ये 2.15 आणि जून 2025 मध्ये 3 डॉलर झाली. दर वेळी आधारभूत किमतींचे वर्षही बदलले. म्हणून 2012 च्या आणि 2023 च्या पुस्तकांतले गरिबांचे आकडे शेजारी ठेवून ‘गरिबी वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणता येत नाही. शिवाय हे डॉलर क्रयशक्तीचे आहेत, म्हणजे स्थानिक किमतींना तेवढीच खरेदी करता येईल अशा रकमेचे. त्यांना बँकेच्या विनिमयदराने गुणले की भारतातली रक्कम सुमारे चौपट फुगते. ही चूक जाहीर कार्यक्रमांत फार वेळा होते आणि एकदा झाली की पुढची अर्धी चर्चा भरकटते. मानव विकास निर्देशांक (1990 पासून) आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न एवढेच मोजतो. जात, मजुरीतील विषमता, कामाची सुरक्षितता त्यात नाही. जागतिक बहुआयामी गरिबी निर्देशांकात (2010 पासून) दहा निकष आहेत. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टी मोजतात, हे मुलाखतकाराला न अडखळता सांगता आले पाहिजे.

वेळ, भाषा, यंत्रणा

मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते. होम मैदानाभोवतीच्या गर्दीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे तिथल्या जत्रेच्या, आवाजात चर्चा होत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून सायंकाळी साडेसहाच्या आधी सुरुवात नको. उघड्या रंगमंचासाठी सप्टेंबर टाळावा. सोलापुरात सर्वाधिक पाऊस त्याच महिन्यात पडतो. मागावरच्या कामगारांनी यावे असे खरोखर वाटत असेल तर त्यांचा सुटीचा दिवस निवडावा. विडी कामगार स्त्रियांसाठी संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ अडचणीची, तेव्हा दुपारी त्यांच्याच वस्तीत, विडी घरकुल किंवा कुंभारीला, वेगळे छोटे सत्र घेणे अधिक फलदायी. मुंबईच्या लेखकासाठी रात्री निघून सकाळी पोहोचणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची. पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस सायंकाळी निघून रात्री पोहोचते, त्यामुळे ती त्याच दिवशीच्या कार्यक्रमाला उपयोगी नाही.

परदेशातील लेखक पडद्यावरून बोलणार असेल तर इथले साडेसहा म्हणजे हिवाळ्यात लंडनची दुपारची एक आणि न्यूयॉर्कची सकाळची आठ. उन्हाळ्यात तिथे एक तास पुढे. सभागृहातील ध्वनिक्षेपकाचा आवाज माइकमधून परत लेखकाकडे गेला की प्रतिध्वनी सुरू होतो. लॅपटॉपचा माइक बंद ठेवून मिक्सरमधून थेट तार द्यावी आणि लेखकाचा स्वतःचा आवाज त्या तारेतून परत जाणार नाही असे लावून घ्यावे. इंटरनेटची दुसरी जोडणी तयार असावी.

शहराच्या भाषा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. लेखक इंग्रजीत बोलत असेल तर वाक्यामागून वाक्य भाषांतर करावे लागते आणि वेळ जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे 90 मिनिटांत आशय 45-50 मिनिटांचाच मावतो. प्रश्न त्या प्रमाणात कमी करावेत. भाषांतर करणाऱ्याला टिपण आणि वीस-पंचवीस पारिभाषिक शब्दांची यादी आधी द्यावी. श्रोत्यांनी तेलुगूत विचारलेला प्रश्न ‘थोडक्यात’ सांगू नये, पूर्ण सांगावा. गरिबाच्या प्रश्नातला तपशील गाळण्याची सवय भाषांतरातच सर्वांत सहज लागते.

प्रत्यक्ष संवाद

नव्वद मिनिटांची विभागणी साधारण अशी : ओळख 5 मिनिटे, मुलाखत 45, श्रोत्यांचे प्रश्न 35, समारोपाचे लेखकाचे बोलणे 5. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत यांत अर्धा तास सहज जातो आणि तो नेहमी श्रोत्यांच्या वाट्यातूनच कापला जातो. सत्कार करायचाच तर कार्यक्रम संपल्यावर करावा.

पहिला प्रश्न चरित्राचा नसावा, पुस्तकातील एका नेमक्या पानाचा असावा. त्याने लेखकाला कळते की समोरचा वाचून आला आहे, आणि तो ठरलेले भाषण सोडून विचार करू लागतो. मुलाखतकाराने पुस्तकाचा सारांश सांगत बसू नये. उत्तर मोघम आले तर तोच प्रश्न अधिक लहान करून पुन्हा विचारावा, तिसऱ्यांदा मात्र नको.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले तर भाषणे टळतात, पण लिहिता न येणारे गप्प राहतात. म्हणून दोन्ही वाटा ठेवाव्यात : चिठ्ठ्या, आणि दोन फिरते माइक. त्यांतला एक माइक आधी मागच्या रांगांकडे न्यावा. विमुक्त जमातींवर चर्चा असेल तेव्हा ही काळजी विशेष. या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्या कायद्याखाली त्यांना जिथे डांबून ठेवले जाई त्या ‘सेटलमेंट’चे नाव सोलापुरात वस्तीला अजून चालते. तिथल्या तरुणाला उभे करून ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा नमुना बनवणे होय. त्याने वाचलेले असेल तर त्याला लेखकाचा युक्तिवाद कसा वाटतो हे विचारावे. कॅमेरा लावण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी. मालकाविरुद्ध बोलणाऱ्या कामगाराचा चेहरा चित्रफितीत आला तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम जाऊ शकते.

नोंद

ध्वनिमुद्रणावरून लेखी नोंद दोन आठवड्यांत तयार करावी. तीत पुस्तकाची आवृत्ती, पृष्ठ क्रमांक, लेखकाने मान्य केलेली दुरुस्ती आणि ‘पाहून सांगतो’ म्हणून सोडलेले प्रश्न वेगळे लिहावेत. मसुदा लेखकाला तथ्ये तपासण्यासाठी पाठवावा. सभेत दिलेले उत्तर नंतर गोड करून घेण्याची मुभा देऊ नये. सोडलेल्या प्रश्नांसाठी महिनाभराने एकदा पत्र लिहावे. आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही ही नोंद, ग्रंथालयातील पुस्तकाच्या प्रतीतच चिकटवावी आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्याही हाती, त्याच्या भाषेत, द्यावी.