जाड ताडपत्री म्हणजे कोरडा माल? खुलासा
'जास्त जीएसएमची ताडपत्री घ्या, थेंबभर पाणी आत येणार नाही,' असं निपाणी-खानापूर भागात पिकअपवाल्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, बस्स. पाणी शिरतं ते शिवणीतून, रिंगांच्या भोकांतून आणि मधे झोळ पडून साचलेल्या डबक्यातून. म्हणून आधी हौद्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या माल भरायच्या भागावर, लोखंडी कमानी बसवा. ताडपत्री फाळक्याच्या (हौद्याच्या बाजूच्या भिंतीच्या) कडेखाली वीतभर उतरेल एवढी मोठी घ्या. चोर्ला घाटातून गोव्याला भाजी नेणाऱ्यांनी तर ऐकाच: चहूबाजूंनी गच्च आवळलं की कोबीला घाम सुटतो, माल आतूनच भिजतो. मागची बाजू थोडी मोकळी ठेवा. घासणाऱ्या कोपऱ्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा, ताडपत्री आधी तिथंच फाटते.