लॉर्ड्सचा मालक एमसीसी, मिडलसेक्स भाडेकरू

सुनील गावसकरांचं लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरचं १८८ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण ते कोणाविरुद्ध होतं असं विचारलं, की कोणी इंग्लंड म्हणतं, कोणी लॉर्ड्सवर खेळणारा मिडलसेक्स हा क्लब. दोन्ही चूक. ऑगस्ट १९८७ मध्ये एमसीसी या क्लबला दोनशे वर्षं झाली म्हणून हा पाच दिवसांचा सामना झाला आणि गावसकर शेष विश्व संघाकडून एमसीसीविरुद्ध खेळले. एमसीसीचा कर्णधार होता माइक गॅटिंग. तोच तेव्हा इंग्लंडचाही कर्णधार आणि मिडलसेक्सचाही. इथवरचा घोटाळा समजण्यासारखा आहे. पण एमसीसी म्हणजेच मिडलसेक्स असं धरून एकाची विजेतेपदं दुसऱ्याच्या नावावर मांडली जातात, ते मला बिलकुल पटत नाही.

एमसीसी तुम्हाला ठाऊक आहे. १७८७ सालचा मॅरिलबोन क्रिकेट क्लब, क्रिकेटचे नियम लिहिणारा, सभासदत्वासाठी वर्षानुवर्षं रांग असलेला. एमसीसी काउंटी, म्हणजे इंग्लंडमधल्या एखाद्या परगण्याचा संघ, नाही, त्यामुळे अशा संघांच्या काउंटी चॅम्पियनशिप स्पर्धेत तो कधीच नव्हता. आपल्याकडे हे नाव रुजलं ते दौऱ्यांमुळे. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी खेळलेला जार्डिनचा संघ कसोटीत इंग्लंड होता, पण बाकीचे सामने तो एमसीसी म्हणून खेळला. १९७६-७७ मध्ये टोनी ग्रेगचा संघ इथे आला तोपर्यंत ही पद्धत होती.

मिडलसेक्स हा १८६४ साली स्थापन झालेला काउंटी क्लब. १८७७ पासून लॉर्ड्सवर खेळतो, आणि लोक नेमके इथेच फसतात. जो संघ दीडशे वर्षांच्या आसपास एकाच मैदानावर खेळतोय, त्याचंच ते मैदान असणार, असं वाटतं. तसं नाही. जमीन, पॅव्हिलियन, म्युझियम, सगळं एमसीसीचं. मिडलसेक्स तिथला भाडेकरू. लँकेशायरचं ओल्ड ट्रॅफर्ड लँकेशायरच्याच मालकीचं आहे, म्हणून तिथे कसोटी झाली की यजमान तीच काउंटी. लॉर्ड्सवरच्या कसोटीचा यजमान मात्र एमसीसी. मोठे सामने आले की मिडलसेक्सला नॉर्थवुडच्या शाळेच्या मैदानावर नाहीतर रॅडलेटला जावं लागतं.

हा फरक कागदी नाही, पैशांचा आहे. २०२५ मध्ये 'द हंड्रेड' या शंभर चेंडूंच्या इंग्लिश लीगच्या संघांची मालकी वाटली गेली, तेव्हा ओव्हलवर सरे आणि ओल्ड ट्रॅफर्डवर लँकेशायर अशा यजमान काउंटींना आपापल्या संघात ५१ टक्के हिस्सा मिळाला. लॉर्ड्सवरच्या लंडन स्पिरिटचे ५१ टक्के एमसीसीला मिळाले. मिडलसेक्सला यजमान म्हणून काहीच नाही. उरलेल्या हिश्शांच्या विक्रीतून इतर काउंटींबरोबर जो वाटा आला, तेवढाच. 'लॉर्ड्सवर खेळतात म्हणजे श्रीमंत असणार' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गंमत म्हणजे मिडलसेक्स नावाची काउंटीच आता प्रशासनाच्या नकाशावर नाही. १९६५ मध्ये तिचा बहुतेक भाग बृहन्लंडनमध्ये गेला. क्लब मात्र टिकला, आणि त्याचं कर्तृत्व त्याचं स्वतःचं आहे. १९०३ पासून २०१६ पर्यंत तेरा चॅम्पियनशिप, त्यांतल्या १९४९ ची यॉर्कशायरसोबत आणि १९७७ ची केंटसोबत वाटून घेतलेली. माइक ब्रिअर्ली आणि गॅटिंग या कर्णधारांच्या काळात १९७६ ते १९९३ दरम्यान सात. २००८ चा ट्वेंटी-२० चषकही यांचाच.

माझ्या लेखी सगळ्यात थोर वर्ष १९४७. मिडलसेक्सच्या डेनिस कॉम्प्टनने त्या एका मोसमात १८ शतकं आणि ३,८१६ धावा केल्या, त्याचा सहकारी बिल एड्रिचने ३,५३९. कॉम्प्टन आपल्याला परका नाही. महायुद्धात भारतात असताना तो होळकर संघातून १९४४-४५ ची रणजी अंतिम लढत मुंबईविरुद्ध ब्रेबर्नवर खेळला आणि नाबाद २४९ काढून गेला. सामना मुंबईनेच जिंकला. आज लॉर्ड्सवर कॉम्प्टन आणि एड्रिच यांच्या नावांचे दोन स्टँड आहेत. नावं मिडलसेक्सच्या फलंदाजांची, बांधकाम एमसीसीचं.

२०१६ चं विजेतेपद तर शेवटच्या दिवशी शेवटच्या सत्रात ठरलं. सलग तिसऱ्यांदा जिंकायला निघालेला यॉर्कशायर समोर, आणि आजवर एकदाही चॅम्पियन न झालेला सॉमरसेट निकालाची वाट बघत बसलेला. टोबी रोलंड-जोन्सने हॅटट्रिक घेऊन सामना संपवला. सहा वर्षांनी विदर्भाचा उमेश यादव याच क्लबकडून काउंटी क्रिकेट खेळला. ते 'एमसीसीकडून' नव्हे, मिडलसेक्सकडून.