‘पेलहम’ बघितलाय म्हणता, पण कोणता?

संभाजीनगरात सिनेमावेड्या पोरांच्या गप्पांत ओलिसांच्या थरारपटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “‘पेलहम’ ना? बघितलाय की. डेन्झेल आणि ट्रॅव्होल्टा. क्लासिक!” नाही भाऊ. तो टोनी स्कॉटचा, २००९चा. क्लासिक म्हणतात तो जोसेफ सार्जंटचा, १९७४चा ‘द टेकिंग ऑफ पेलहम वन टू थ्री’. त्यात वॉल्टर मॅथाऊ आणि रॉबर्ट शॉ आहेत.

नवा तुम्ही पाहिलाय, म्हणजे गोष्ट ठाऊक आहे. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे, पळवलेला डबा, तासाभराची मुदत, नंतर दर मिनिटाला एक बळी. खंडणी १० लाख डॉलरची १ कोटी झाली, टोळीशी रेडिओवर बोलणारा गार्बर जुन्यात पोलीस लेफ्टनंट होता, नव्यात रेल्वेचा डिस्पॅचर (गाड्यांची ये-जा सांभाळणारा) झाला. हे फरक किरकोळ आहेत, सोडा.

खरी गोम वेगळीच आहे. जुना सिनेमा विचारतो, हे अपहरणकर्ते बोगद्यातून सुटणार कसे? नवा विचारतो, हा माणूस असा का झाला?

जुन्यातल्या चौघांना धड नावंही नाहीत. मिस्टर ब्लू, ग्रीन, ग्रे, ब्राउन, बस्स. ब्लू (रॉबर्ट शॉ) निवांत शब्दकोडं सोडवतो, आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते. बोगद्यातून त्याला बाहेरचं काही दिसत नाही, गार्बरला आतलं दिसत नाही. सगळा खेळ रेडिओवरच्या आवाजावर. पैसे आणणारी गाडी वाटेत आदळते, मुदत संपत आलेली, तेव्हा गार्बर बिनदिक्कत थाप मारतो की पैसे पोचलेत. ब्लूला ती पटते. नव्यात टोळीचा म्होरक्या रायडरकडे (ट्रॅव्होल्टा) इंटरनेट जोडलेला लॅपटॉप आहे, तिथं तीच थाप पचत नाही. बोगद्याला खिडकी पाडली की बोगदा कसला राहतो? मग ती जागा भरायला रायडरचा वॉल स्ट्रीटवरचा भूतकाळ, गार्बरवरचा लाचेचा आरोप आणि भरपूर आरडाओरडा. ट्रॅव्होल्टाला मजा आली असेल, मला नाही.

‘कसे सुटणार’ हा प्रश्न जुन्यात एका दांड्यावर उभा आहे. मोटरमनचा त्या दांड्यावरचा हात सुटला की ब्रेक लागतात, म्हणजे केबिनमध्ये माणूस असल्याशिवाय गाडी चालणार नाही. (पूर्णा जंक्शनला ज्यांच्या घरात लोको पायलट आहे त्यांना हे समजावायला नको. आपल्या इंजिनातही ड्रायव्हरनं ठराविक वेळात दाद दिली नाही की ब्रेक लागतात.) पोलीस याच भरवशावर बसतात. पुढचं सांगत नाही. या सिनेमाचा शेवट सांगून टाकणाऱ्यांशी मी बोलणं सोडलंय.

डेव्हिड शायरचं संगीत मात्र हेडफोन लावून ऐका. टीव्हीसाठी १९९८ला आणखी एक ‘पेलहम’ केला होता, त्याच्या वाटेला जाऊ नका.