ट्रॅक्टर गेला म्हणून

२८ सप्टेंबर २०२१. नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर आली, तेव्हा पुलावरून पाणी वाहत होतं. बस त्यात घातली गेली आणि वाहून गेली. काहींना वाचवता आलं, काहींचा जीव गेला. दोनच दिवसांपूर्वी आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘गुलाब’ चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस तेव्हा विदर्भ-मराठवाड्यावर कोसळत होता.

अशा वेळी काठावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘एवढं पाणी तर नेहमीच असतं.’ घात होतो तो इथेच.

जूनमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिले पाऊस त्यांत गडप होतात, ओढ्याला टिपूसही येत नाही. मग माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरतं. झडीनंतरचं सप्टेंबरचं रान म्हणजे पालथा घडा. एका चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. नाल्याचं पाणलोट २० चौरस किलोमीटर धरा आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस : १०० कोटी लिटर! ते फरशी पुलाच्या दोन-चार नळ्यांतून जाणार कसं? शिवाय पाऊस वरच्या अंगाला झालेला असतो. इथे कदाचित ऊनही पडलेलं असेल.

आता गाडीचा हिशेब. छोट्या कारचं वजन साधारण १,००० किलो, तळ सहा चौरस मीटर. पाणी तळाला टेकलं की पुढच्या प्रत्येक १० सेंटिमीटरला ते सुमारे ६०० किलो भार उचलून धरतं. म्हणजे पाणी गुडघ्याच्या खालीच असतं आणि चाकं रस्ता सोडू लागतात. एसटी जड, तिचा तळही उंच. पण तिची दहा मीटर लांबीची कूस प्रवाहाला आडवी येते. सेकंदाला २ मीटर वेगाचं पाणी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजनाइतका रेटा देतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, ८०० किलो. काठावरून खोलीचा अंदाज बांधता येतो, या रेट्याचा नाही.

‘पण आत्ता ट्रॅक्टर गेला की!’ गेला, कारण तो उघडा असतो. मोठ्या चाकांच्या मधून पाणी निघून जातं. जुन्या बैलगाडीचंही तेच, चाकाच्या आऱ्यांतून पाणी आरपार. बंद दारांची कार मात्र होडीच, आणि तीही वल्ह्याविना.

तरंगणं टळलं तरी खाली फरशी शाबूत आहे का, हा प्रश्न उरतोच. पुलावरून उडी घेणारं पाणी खालच्या बाजूची माती कोरत राहतं, फरशी अधांतरी होते आणि केव्हातरी ढासळते. सकाळी पूर ओसरल्यावर दिसतं, अर्धा पूल जागेवर नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात तिथलं गढूळ पाणी या काठापासून त्या काठापर्यंत सारखंच दिसत होतं.