नर्व्ह रूट ब्लॉक, निवडक

नर्व्ह रूट ब्लॉक, निवडक : कंबरेच्या मणक्यांची झीज झाल्यावर पायात उतरणारी कळ नेमक्या कोणत्या मज्जातंतूच्या मुळातून येते, हे ठरवण्यासाठी त्या एकाच मुळाभोवती बधिर करणारे औषध थोडेसे सोडण्याची पद्धत. औषधात स्टेरॉइड मिसळले तर हेच इंजेक्शन उपचारही ठरते. रुग्णांच्या बोलण्यात ते सरसकट ‘कंबरेतले इंजेक्शन’ असते आणि त्यामुळे तपासणी व उपचार यांची गल्लत नेहमी होते. या नोंदीत शस्त्रक्रियेची जागा ठरवण्यासाठी होणाऱ्या त्याच्या वापराचा विचार केला आहे.

या तपासणीची गरज पडते ती एमआरआयमध्ये कमी दिसते म्हणून नव्हे, फार दिसते म्हणून. १९९० साली अमेरिकेत स्कॉट बोडेन व सहकाऱ्यांनी कंबरदुखी किंवा सायटिका (कंबरेतून पायात उतरणारी कळ) कधीच न झालेल्या ६७ जणांचे एमआरआय काढले. साठीपुढच्या गटातील ५७ टक्के लोकांच्या कण्यात दोष आढळला. कोणाची दोन मणक्यांमधली चकती सरकलेली, कोणाची मज्जानलिका अरुंद झालेली. १९९४ साली ९८ वेदनारहित व्यक्तींच्या अशाच पाहणीत कंबरेच्या सर्व चकत्या निर्दोष असलेले निघाले अवघे ३६ टक्के. म्हणजे सत्तरीच्या रुग्णाच्या अहवालात तीन पातळ्यांवर ‘नस दबली आहे’ असे लिहिलेले असले, तरी त्यांपैकी दोन ठिकाणे निरुपद्रवी असू शकतात. तिन्ही ठिकाणी हाड काढून स्क्रू बसवायचे की एकाच ठिकाणी जागा मोकळी करायची, हा निर्णय चित्रावर सोपवता येत नाही.

शरीररचनेमुळे गुंता वाढतो. कंबरेत पाच मणके असतात आणि प्रत्येक मणक्याखालच्या छिद्रातून त्याच क्रमांकाचे मूळ दोन्ही बाजूंना बाहेर पडते. चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती मध्याच्या थोडी बाजूला सरकली, तर तिथून खाली निघालेले पाचव्या मणक्याचे मूळ (एल ५) दबते. तीच चकती छिद्रात किंवा त्याच्याही बाहेर सरकली, तर वरचे, चौथ्या मणक्याचे मूळ (एल ४) चेपले जाते. एल ४ ची कळ सहसा नडगीच्या आतल्या बाजूला, एल ५ ची पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर व अंगठ्याकडे, तर एस १ ची (कंबरेखालच्या त्रिकास्थीतील पहिल्या मुळाची) पोटरीमागून करंगळीकडे जाते. पण त्वचेवरचे हे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात आणि वयस्क रुग्ण बहुधा ‘सगळा पायच ठणकतो’ एवढेच सांगतो. त्यात खुब्याच्या सांध्याची झीज, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची हानी हीदेखील याच वयात येतात.

सरकलेली चकती मुळावर दाब आणते हे विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी १९३४ मध्ये मांडले आणि चकती काढण्याच्या शस्त्रक्रियांची लाट आली. कंबरदुखीचा उगम शोधण्यासाठी प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शने स्टाइंडलर व लक यांनी १९३८ मध्येच वापरली होती. मुळापुरत्या ब्लॉकचे श्रेय मात्र टोरांटोचे अस्थिशल्यविशारद इयन मॅकनॅब यांना दिले जाते. चकतीसाठी पाठ उघडली आणि आत काहीच सापडले नाही, अशा ६८ रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील अनेकांचे मूळ दबलेले होतेच, पण शल्यविशारद पाहत होता त्या जागी नव्हे : छिद्रात, सांध्याच्या वाढलेल्या हाडाखाली किंवा त्याहून बाहेर. मूळ शोधून तिथे औषध सोडणे ही त्या चुकलेल्या शोधावरची व्यवहारी तोड होती.

रुग्णाला पालथे झोपवतात. सी-आर्म क्ष-किरण यंत्र तिरपे करून, किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने, बारीक लांब सुई छिद्राच्या तोंडाशी नेतात. सुई मुळाजवळ पोहोचली की कित्येकदा रुग्णाची ‘तीच ती’ ओळखीची कळ उठते. क्ष-किरणांत दिसणारे थोडे रंगद्रव्य सोडून ते मुळाच्या कडेने पसरते आहे आणि रक्तवाहिनीत जात नाही, याची खात्री करतात. मग लिडोकेन किंवा ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध साधारण अर्धा ते एक मिलिलिटर देतात. प्रमाणाबाबत कंजुषी हवीच. जास्त औषध शेजारच्या मुळापर्यंत वाहते आणि मग वेदना थांबली तरी ती कोणामुळे थांबली, हे कळत नाही. गुंगीचे औषधही याच कारणासाठी शक्यतो टाळतात.

खरी तपासणी सुई काढल्यावर सुरू होते. आधी ० ते १० च्या मापावर वेदना नोंदवलेली असते. आता रुग्णाने चालायचे, उभे राहायचे, ज्या हालचालीने कळ यायची ती मुद्दाम करायची. वेदना निम्म्याने कमी झाली तर काही केंद्रे निकाल होकारार्थी मानतात, तर काही ८० टक्क्यांचा आग्रह धरतात. कठोर निकष अधिक भरवशाचा. बधिरतेचा अवधी काही तासांचा असल्याने निदानासाठी तेवढेच तास मोलाचे. चार दिवसांनी वाटू लागलेला आराम स्टेरॉइडचा असू शकतो, त्यावरून पातळी ठरवू नये. दोन मुळांविषयी संशय असल्यास दोन्ही ब्लॉक एकाच बैठकीत न देता वेगवेगळ्या दिवशी देणे शहाणपणाचे.

होकारार्थी निकालावर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. रिचर्ड नॉर्थ यांच्या १९९६ च्या चाचणीत सायटिकाच्या ३३ रुग्णांना वेगवेगळ्या जागी इंजेक्शने दिली गेली. मुळाच्या ब्लॉकप्रमाणेच मणक्यांच्या लहान सांध्यांना जाणाऱ्या मज्जातंतूंजवळ आणि खाली सायटिक मज्जातंतूजवळ दिलेल्या इंजेक्शनांनीही अनेकांना तात्पुरता आराम पडला. दाब वर असतानाही खालची वाट बधिर केली की कळ शमते, असा त्याचा अर्थ. म्हणून औषध नीट पसरूनही वेदना जराही न हलणे, हा नकार अनेकदा होकारापेक्षा उपयोगी पडतो : ती पातळी शस्त्रक्रियेच्या यादीतून वगळण्याचा विचार करता येतो.

कधी ब्लॉकमुळे शस्त्रक्रियाच लांबणीवर पडते. डॅनियल र्‍यू व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या चाचणीत ५५ जण शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर होते. स्टेरॉइडसह ब्लॉक मिळालेल्या २८ पैकी २० जणांनी, तर केवळ ब्युपिव्हाकेन मिळालेल्या २७ पैकी ९ जणांनी पाठपुराव्याच्या काळात शस्त्रक्रिया नको म्हटले.

धोके विरळ, पण गंभीर आहेत. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी अ‍ॅडमकिविच धमनी काहींमध्ये कंबरेच्या छिद्रातून शिरते. कणयुक्त स्टेरॉइड तिच्यात गेल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. त्यामुळे डेक्सामेथासोनसारखे कणरहित औषध पसंत करतात. मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शनांच्या अशा दुर्मिळ परिणामांविषयी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१४ मध्ये इशारा दिला. मधुमेहींची साखर स्टेरॉइडनंतर काही दिवस चढते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा जंतुसंसर्ग असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो. लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा पायातील ताकद झपाट्याने घटणे, अशा वेळी ब्लॉकमध्ये वेळ दवडत नाहीत. लक्षणे, तपासणी आणि एमआरआय एकाच मुळाकडे बोट दाखवत असतील, तर निदानासाठी त्याची गरजही नसते.

काहींच्या कंबरेतला शेवटचा मणका माकडहाडावरच्या त्रिकास्थीशी जोडलेला असतो किंवा तिथे सहावा मणका असल्यासारखे दिसते. अशा रुग्णात ब्लॉक देणाऱ्याचा ‘एल ५’ आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याचा ‘एल ५’ वेगळा निघू शकतो. त्यासाठी सुई जागेवर असतानाचे चित्र जपून ठेवतात आणि मणके कुठून मोजले, हे अहवालात लिहितात.