ऑस्ट्रेलिया डे : नावाचा वाद

२६ जानेवारी हा ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिन. १७८८ मध्ये या दिवशी कॅप्टन आर्थर फिलिप याने सिडनी कोव्ह येथे ब्रिटिश निशाण उभारले. या दिवसाला काय म्हणावे हा वाद अलीकडचा समजला जातो; तो तसा नाही.

त्या दिवशी नेमके काय घडले, येथूनच मतभेदाला सुरुवात होते. फिलिपचा अकरा जहाजांचा ताफा १८ ते २० जानेवारीदरम्यान बॉटनी बे येथे आला होता. जागा गैरसोयीची वाटल्याने तो उत्तरेकडे सिडनी कोव्हला नेण्यात आला. वसाहतीची रीतसर घोषणा ७ फेब्रुवारीची. पूर्व किनाऱ्यावर ब्रिटिश राजाचा हक्क तर दर्यावर्दी जेम्स कुकने २२ ऑगस्ट १७७० रोजीच सांगितला होता. तेव्हा २६ जानेवारीला ‘स्थापना’ म्हणण्यापेक्षा ‘उतरणे’ म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. जुन्या ‘फर्स्ट लँडिंग डे’ या नावात तोच अर्थ आहे; मात्र ‘फाउंडेशन डे’ हेही त्याच सुमारास रूढ होते. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनी ज्यात आहे ते राज्य) ‘ॲनिव्हर्सरी डे’ आले.

‘ऑस्ट्रेलिया डे’चा पुरस्कार मुख्यतः ‘ऑस्ट्रेलियन नेटिव्ह्ज असोसिएशन’ने केला (येथे ‘नेटिव्ह’ म्हणजे तेथे जन्मलेले गोरे!). १९१५ मध्ये हेच नाव युद्धनिधीसाठी ३० जुलैला वापरले गेले होते. व्हिक्टोरियाने २६ जानेवारीसाठी ते १९३१ मध्ये घेतले. १९३५ पर्यंत सर्व राज्यांत ते रूढ झाल्याचे सामान्यतः सांगतात. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र जुने नाव १९४६ पर्यंत टिकले असावे. सर्वत्र त्याच तारखेला सुट्टी १९९४ पासून.

१९३८ मध्ये याच दिवशी विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आदी मूळनिवासी नेत्यांनी सिडनीत ‘शोकदिन’ पाळला. ‘आक्रमण दिन’ हे नाव १९८८ च्या द्विशताब्दीच्या निषेधात ठळक झाले. ‘सर्व्हायव्हल डे’ या नावाचा भर तगून राहण्यावर आहे. मूळनिवाशांच्या भूमिहक्काबाबत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिलेल्या माबो निकालाने, ब्रिटिश आले तेव्हा भूमी बेवारस होती ही कल्पना नाकारली. ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व मात्र निकालाने प्रश्नांकित केले नाही. त्यामुळे ‘आक्रमण’ शब्दाचे समर्थक व विरोधक दोघेही या निकालाचा आधार घेऊ शकतात. ‘वसाहत वसवणे’ हा निरुपद्रवी शब्दप्रयोग मात्र त्यानंतर अवघड झाला.

२०१७ मध्ये मेलबर्नमधील यारा व डेअरबिन नगरपरिषदांनी या दिवशीचे नागरिकत्व-समारंभ बंद केले. केंद्र सरकारने त्यांचा असे समारंभ घेण्याचा अधिकार काढून घेतला.