पोल्ट्री शेडमधलं व्हेंटिलेशन आणि तापमान

पोल्ट्री शेडमधलं व्हेंटिलेशन म्हणजे आतली दमट, घाण हवा बाहेर काढायची, ताजी हवा आत घ्यायची आणि हे करताना पक्ष्यांना सोसेल तेवढंच तापमान ठेवायचं. बहुतेकांना हा उन्हाळ्याचा विषय वाटतो, पण जास्त चुका होतात त्या थंडीत.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं आणि तिला घामाच्या ग्रंथीच नसतात. मोठ्या पक्ष्याला साधारण १८ ते २४ अंशांत बरं वाटतं. त्यावर गरम झालं की पक्षी आधी पंख अंगापासून लांब धरतो, मग चोच उघडी टाकून धापा टाकायला लागतो, म्हणजे श्वासातून पाणी उडवून अंग थंड करतो. पण धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे अंड्याचं कवच पातळ येतं, खाणं कमी होतं, पाणी मात्र दुप्पट-तिप्पट लागतं.

पिल्लांचं उलटं. पहिल्या दिवशी ब्रूडरखाली (म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या हीटरखाली) ३२ ते ३४ अंश लागतात, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला टांगायचा, आपल्या डोळ्यांसमोर नाही. तरीही खरं काय ते पिल्लंच सांगतात, ब्रूडरखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोची उघडल्या तर ऊब जास्त झालीय, आणि सगळी एकाच कोपऱ्यात गेली तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतोय.

आता थंडीचं. ऊब टिकावी म्हणून चारही बाजूंचे पडदे घट्ट लावले की श्वासातला आणि विष्ठेतला ओलावा आतच राहतो, लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा किंवा तूस) ओलं होतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाऊ नये असं धरतात, १० च्या आत असला तर उत्तमच, कारण डोळे आणि श्वासनलिका खराब झाली की आजार मागोमाग येतातच. रोज शेडमध्ये राबणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय होऊन जाते, त्यामुळे त्याच्या "काही वास नाही" वर फार भरवसा ठेवू नये! बाहेरची हवा दमट वाटली तरी आत घ्यायला घाबरायचं कारण नाही, कारण हवा साधारण १० अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्मी होते आणि तीच हवा ओलावा शोषून बाहेर नेते. फक्त ती थेट पिल्लांच्या अंगावर पडू द्यायची नाही. म्हणून पडदा वरून खाली उघडतात, आणि बंद शेडमध्ये टायमरवर थोडा थोडा वेळ पंखे चालवून वरच्या झडपांमधून हवा छतालगत आत घेतात, तिथल्या गरम हवेत मिसळून मगच ती खाली उतरते.

उघड्या शेडमध्ये बरंचसं काम बांधकामातच होऊन जातं. लांबी पूर्व-पश्चिम, रुंदी शक्यतो १२ मीटरच्या आत, छत पुढे आलेलं आणि माथ्यावर गरम हवेला वाट. छताला पांढरा रंग दिला तरी फरक पडतो.

टनेल शेडमध्ये, म्हणजे बोगद्यासारख्या लांब बंद शेडमध्ये, एका टोकाला मोठे एक्झॉस्ट फॅन, दुसऱ्या टोकाला ओले कूलिंग पॅड. हवा सेकंदाला २ ते ३ मीटर वेगाने वाहिली की थर्मामीटरवरचा आकडा तोच असला तरी पक्ष्याला काही अंश कमीच जाणवतं, लहान पिल्लांना मात्र हाच वारा बाधतो. पॅड आणि फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फवारे) कोरड्या हवेत छान चालतात. दमट दिवसांत पाणी नीट उडतच नाही, वर पक्ष्याचं धापा टाकणंही निकामी होतं, तेव्हा पॅड थांबवून नुसते पंखे चालवणं बरं.

बंद शेडचा सगळा भार विजेवर असतो. भर उन्हात पंखे थांबले तर थोड्याच वेळात सगळी बॅच गुदमरू शकते, त्यामुळे आपोआप सुरू होणारा जनरेटर आणि वीज गेली की वाजणारा, स्वतःच्या बॅटरीवरचा अलार्म दोन्ही लागतात, आणि काही शेडमध्ये अशा वेळी पडदे आपोआप खाली पडून बाजू उघड्या व्हायची सोयही केलेली असते.